अरबी-फारसी हस्तलिखित पहिल्यांदा उघडताना : मजकुराआधी प्रत वाचा

बगदाद, दमास्कस, इस्तंबूल, इस्फहान अशा शहरांत नकललेल्या हजारो पोथ्या आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. अडचण येते ती पोथी मिळाल्यानंतर. नवखा वाचक पहिलं पान उघडतो, बिस्मिल्ला ओळखतो, दुसऱ्याच ओळीत अडकतो आणि 'आधी अरबी पक्की करू, मग बघू' म्हणून ते पान मिटवतो. ती 'मग'ची वेळ सहसा येत नाही.

पोथी कोणी नकलली, केव्हा, कशावरून, ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, तिची पानं जागेवर आहेत का, हे सगळं अस्खलित भाषा न येताही बरंचसं कळतं, कारण त्यासाठीचे शब्दप्रयोग ठरावीक आहेत आणि जागाही ठरावीक. मजकुरावर विश्वास किती ठेवायचा हे त्यावरच ठरतं. बाराव्या शतकातल्या ग्रंथाची तुमच्यासमोरची प्रत सतराव्या शतकातली असू शकते, आणि पाचशे वर्षांत नकलकारांनी बरंच काही बदललेलं असतं. म्हणून आधी प्रत वाचायची, मजकूर नंतर.

सुरुवातीला जवळ असू द्या

- अरबी वर्णमाला : सुटी आणि जोडून येणारी अशी चारही रूपं, हाताने गिरवून
- अरबी आणि फारसी अंक
- हिजरी तारखेचं रूपांतर करून वारही दाखवणारं एखादं साधन
- त्याच ग्रंथाची छापील आवृत्ती, मिळत असेल तर
- नोंदींसाठी तक्ता (रकाने खाली आठव्या पायरीत)
- कोश. मात्र अरबी कोश बहुधा धातूनुसार लावलेले असतात, त्यामुळे 'मक्तूब' शोधायचा तर 'काफ-ते-बे' पाहावं लागतं. फारसी कोश सरळ अक्षरक्रमाने.

## १. लिपी आणि भाषा वेगवेगळ्या ठरवा

अरबी लिपीत अरबी, फारसी आणि उस्मानी तुर्की या तिन्ही भाषा लिहिल्या गेल्या. उलट, अरबी भाषा इतर लिप्यांतही लिहिली गेली. सीरियाक (पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा आणि लिपी) अक्षरांतली अरबी म्हणजे गरशूनी, आणि हिब्रू अक्षरांतली म्हणजे यहुदी-अरबी. कैरोजवळच्या फुस्तात इथल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत, म्हणजे गेनिझात, सापडलेल्या कागदांपैकी व्यापारी पत्रं बहुतांशी या यहुदी-अरबीत आहेत. त्यातला सर्वांत मोठा साठा आज केंब्रिज विद्यापीठात आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या ठाण्याचं नावही भारताशी चाललेल्या व्यापाराच्या या पत्रांत येतं.

उर्दू वाचता येत असेल तर नस्तालीक (उर्दूचं नेहमीचं तिरकं) वळणातल्या फारसी प्रतीपासून सुरुवात करा. अजिबात काही येत नसेल तर नस्ख (छापील अरबीसारखं सरळ) वळणातली अरबी प्रत घ्या, आणि तीही गणित, खगोल किंवा वैद्यकाची. आकृत्या आणि तक्त्यांमुळे आपण कुठे आहोत ते कळत राहतं आणि वाक्यरचनाही ठोकळेबाज असते. काव्याने सुरुवात करू नका. कूफी या कोनाकार लिपीतल्या जुन्या कुराणांनीही नको. दिसायला ती अप्रतिम आहेत, पण त्यांना पुष्पिका, म्हणजे नकलकाराची शेवटची नोंद, क्वचितच असते, म्हणजे शिकायचं तेच गैरहजर.

## २. सूचीत शोधताना नावाची चार रूपं धरा

सुरुवातीला चार ठिकाणं पुरेत. ब्रिटिश लायब्ररी आणि कतार फाउंडेशन यांनी उभं केलेलं कतार डिजिटल लायब्ररी हे विज्ञानविषयक अरबी प्रतींसाठी उत्तम. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'गॅलिका'. ब्रिटनमधल्या संग्रहांची एकत्रित सूची 'फिहरिस्त'. आणि अमेरिकेत मिनेसोटातल्या हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररीचं ऑनलाइन वाचनालय. तिथे मोफत खातं उघडावं लागतं, पण सीरियाक आणि अरबी ख्रिस्ती प्रतींचा इतका साठा दुसरीकडे मिळणं कठीण.

नवखे सर्वांत जास्त अडतात ते स्पेलिंगवर. 'जीम' हे एकच अक्षर इंग्रजी सूचीत 'जे', जुन्या फ्रेंच सूचीत 'डी-जे', जर्मन सूचीत डोक्यावर उलटी टोपी असलेला 'जी', तर तुर्की सूचीत 'सी' असं येतं. 'जाबिर' शोधून काही मिळालं नाही म्हणजे प्रत नाही असं नव्हे. नावाआधीचं 'अल' गाळून शोधा. लेखकाचं स्वतःचं नाव, 'अबू'ने सुरू होणारं, 'इब्न'ने सुरू होणारं आणि गावावरून पडलेलं (तूसी, शिराजी, बगदादी) अशी चारही रूपं टाकून पाहा. ग्रंथालाही बहुधा दोन नावं असतात, एक लांबलचक यमकबद्ध आणि एक रूढ, आखूड.

प्रत सापडली की तिचा संग्रह-क्रमांक जसाच्या तसा उतरवा. इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात अनेक जुने संग्रह एकत्र आले, पण प्रत्येकाचे क्रमांक स्वतंत्र राहिले. अयासोफ्या, फातिह, शहीद अली पाशा अशा संग्रहाच्या नावाशिवाय नुसतं 'सुलेमानिया, क्रमांक अमुक' लिहिलं तर ती प्रत कोणालाच सापडणार नाही.

## ३. पत्रं मोजा, रकाबे जुळवा

इथेही आपल्या पोथ्यांसारखी पत्रं मोजतात, पृष्ठं नाहीत. प्रत्येक पत्राला पुढची 'अ' आणि मागची 'ब' बाजू. पुस्तक उजवीकडून उघडत असल्याने समोर उजव्या हाताला १२ब आणि डाव्या हाताला १३अ दिसतं. इंग्रजी पुस्तकाच्या सवयीने हे हमखास उलटं लिहिलं जातं. काही जुन्या मायक्रोफिल्म शेवटाकडून घेतलेल्या असतात, त्यामुळे प्रतिमा क्रमांक १ म्हणजे पोथीचं पहिलं पान असं गृहीत धरू नका. मजकूर बहुधा १ब वर सुरू होतो. १अ वर नाव, मालकांच्या नोंदी आणि शिक्के.

आता 'ब' बाजूच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात बघा. मजकुराबाहेर तिरका लिहिलेला एक शब्द दिसेल. हा रकाबा. पुढच्या 'अ' बाजूची पहिली ओळ त्याच शब्दाने सुरू झाली पाहिजे. हे तपासायला अर्थ कळावा लागत नाही, नुसता आकार जुळवायचा. शब्द जुळला नाही तर मधलं पत्र हरवलंय किंवा बांधणीत मागेपुढे झालंय. न जुळलेला शब्द आणखी कुठल्या 'अ' बाजूच्या सुरुवातीला सापडतो का ते पाहा. सापडला तर पोथीचा मूळ क्रम तुमच्या हाती लागला. फार जुन्या प्रतींत रकाबे नसतात, आणि काही ठिकाणी ते नंतरच्या हाताने घातलेले असतात, म्हणून शाई आणि वळण मजकुराशी मिळतंय का हेही बघा.

अरबी प्रतींत एका जुजात, म्हणजे एकत्र शिवलेल्या तावांच्या गठ्ठ्यात, बहुधा पाच दुमडलेले ताव, म्हणजे दहा पत्रं असतात. दहाच्या पटीजवळ खंड पडला असेल तर एक पत्र नव्हे, अख्खा जुज गेलेला असण्याची शक्यता धरा.

## ४. पुष्पिका : शेवटच्या पानापासून सुरुवात

शेवटच्या पानावर ओळी लहान लहान होत त्रिकोणासारख्या निमुळत्या झाल्या असतील तर ती पुष्पिका, फारसी-उर्दूत तरकीमा. शोधायचे शब्द असे : 'तम्म' किंवा 'तम्मत' (संपलं), 'अला यद' (अमक्याच्या हातून), 'कतबहु' (हे लिहिलं), 'अल-अब्द', 'अल-फकीर', 'अल-हकीर'. शेवटचे तीन नम्रतेचे शब्द आहेत, नावाचा भाग नाहीत. त्यांच्यानंतर नकलकाराचं खरं नाव येतं. त्यापुढे 'फी यौम' (अमक्या दिवशी), 'शहर' (महिना) आणि 'सना' (साल).

मोठा सापळा इथेच आहे. नकलकार पुष्कळदा मूळ लेखकाची समाप्तीची तारीखही उतरवून ठेवतो, कधी आपल्यासमोरच्या प्रतीची पुष्पिका जशीच्या तशी. 'तालीफ' किंवा 'तस्नीफ' शब्द असेल तर ती ग्रंथरचनेची तारीख. 'नस्ख', 'किताबत' किंवा 'तहरीर' असेल तर बहुधा नकलेची. दोन तारखा असतील तर दोन्ही नोंदवा. एकच असेल आणि ती लेखकाची निघाली, तर प्रत 'साल नसलेली' समजायची. ती लेखकाच्या हातची नव्हे.

## ५. साल काढणं

इथे मोडी कागद वाचणाऱ्यांना मोठा फायदा आहे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे मराठी कागदांतल्या शुहूर सनाचे शब्द अरबी पुष्पिकेतही तेच आहेत, आणि क्रमही तोच : आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी 'अलफ'. गणना मात्र वेगळी. शुहूर सन सौर आहे, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हिजरी चांद्र आहे, तिथे ही रीत लावली की साल चुकलंच. हिजरीसाठी ढोबळ सूत्र : हिजरी साल गुणिले ०.९७, अधिक ६२२. लायडन इथे हिजरी २५२ ची एक कागदी अरबी प्रत आहे, सालाची नोंद असलेल्या सर्वांत जुन्या प्रतींपैकी एक. तिचं साल या हिशेबाने ८६६ येतं, आणि ते बरोबर आहे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. पुष्पिकेत 'सबअ व सबईन व समानमिआ' दिसतंय, म्हणजे ८७७. पण नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, दिलेले नाहीत. नुक्त्यांशिवाय 'सबअ' (सात) आणि 'तिसअ' (नऊ) यांचा सांगाडा एकच : चार दातऱ्या (दातासारखी वर आलेली टोकं) आणि शेवटी ऐन हे अक्षर. सबईन आणि तिसईन, म्हणजे सत्तर आणि नव्वद, यांचंही तेच. म्हणून हे साल ८७७, ८७९, ८९७ किंवा ८९९ यांपैकी कोणतंही असू शकतं, इसवी १४७२ ते १४९४. जुन्या सूचींतल्या कितीतरी चुका एवढ्याच कारणाने झाल्या आहेत.

सोडवायचं कसं? आधी 'सीन' हे (स) अक्षर बघा. नकलकाराने त्याच्या तीन दातऱ्या न काढता लांब सपाट रेघ ओढली असेल तर उरलेली एकटी दातरी रेघेच्या आधी आहे की नंतर, ते तपासा. आधी असेल तर नऊ, नंतर असेल तर सात. दातऱ्या सुट्या असतील तर वाराकडे वळा. चारही सालांसाठी त्या तिथीचा वार काढा आणि पुष्पिकेतल्या वाराशी ताडा. चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक चालतो. ८७७ आणि ८९७ यांच्या वारांत तीन-चार दिवसांचं अंतर पडतं, म्हणून निकाल लागतो. ८७७ आणि ८७९ यांच्यात अंतर एक-दोन दिवसांचंच, तिथे वारावर विसंबू नका. नकलकाराची दुसरी प्रत, कागद किंवा मालकाची नोंद शोधा.

आणखी काही गोष्टी थोडक्यात :

- दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. 'बुधवारची रात्र' म्हणजे आपली मंगळवारची रात्र.
- 'गुर्रा' म्हणजे महिन्याचा पहिला दिवस, 'सल्ख' म्हणजे शेवटचा. 'अवाइल', 'अवासित', 'अवाखिर' हे महिन्याचे पहिले, मधले आणि शेवटचे दहा दिवस.
- उस्मानी नोंदींत महिन्यासाठी अक्षर येतं : रजबला 'बे', रमजानला 'नून', शव्वालला 'लाम'.
- अंकांत पाच हा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य हा नुसता ठिपका असतो. मराठी डोळा इथे फसतो.
- हजाराचा आकडा कधी गाळलेला असतो. वळण आणि कागद सतराव्या शतकाचे वाटत असतील तर '९३' म्हणजे १०९३ असू शकतं.
- सीरियाक प्रतींत ग्रीक शक येतो. त्यातून ३११ वजा करायचे, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ३१२. एडेसात (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) लिहिलेली, सध्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली सीरियाक प्रत या शकाच्या ७२३ व्या वर्षीची, म्हणजे इसवी ४११ ची आहे.

## ६. मग पुढची कोरी पानं

'मिन कुतुब' (अमक्याच्या पुस्तकांपैकी) हे शब्द मालकाची नोंद दाखवतात. 'वक्फ' शब्द पानांच्या वरच्या कडेला पुन्हा पुन्हा लिहिलेला असेल तर पोथी धर्मादाय दिलेली होती. त्यासोबत बहुधा 'विकू नये, दान देऊ नये, वारसाने जाऊ नये' अशा अर्थाचं ठरीव वाक्य असतं. खोडलेल्या नोंदी सोडू नका, पोथी कुणी लांबवली असेल तर आधी त्याच खोडल्या जातात. प्रतिमेचा उजेड-अंधार कमीजास्त केल्यावर त्या पुष्कळदा वाचता येतात.

शिक्क्यातली ओळ बऱ्याचदा खालून वर वाचावी लागते. त्यातलं साल शिक्का कोरल्याचं असतं, पोथी घेतल्याचं नव्हे. तोच शिक्का माणूस पुढे अनेक वर्षं वापरतो.

पहिल्या पानावर 'या कबीकज' असं दिसलं तर ते लेखकाचं नाव समजू नका, मालकाचंही नाही. कबीकज ही एक विषारी वनस्पती, आणि पोथ्या खाणाऱ्या किड्यांचा त्याच नावाचा अधिपती मानला जाई. पुस्तक वाचव म्हणून त्याला केलेली ही विनवणी आहे. ज्या पानावर ती लिहिली, तेच पान कसरीने खाल्लेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

## ७. आता मजकूर

सुरुवातीच्या ईश्वरस्तुतीची लांबण ओलांडून 'अम्मा बअद' किंवा 'व बअद' शोधा. प्रस्तावना खरी तिथून सुरू होते. लेखक आपलं नाव सांगतो आणि 'सम्मैतुहु' (याचं नाव ठेवलं) नंतर ग्रंथाचं नाव देतो. बाब, फस्ल, मकाला ही शीर्षकं बहुधा लाल शाईत असतात. कृष्णधवल मायक्रोफिल्मवर लाल फिकी पडते आणि ओळीत मोकळी जागा दिसते. तिथे शीर्षक राहून गेलंय असं लिहिण्याआधी रंगीत प्रतिमा मिळवा.

समासातल्या खुणांत 'सह' म्हणजे गाळलेला मजकूर इथे भरला, 'बलग' म्हणजे मूळ प्रतीशी इथवर ताडून पाहिलं, आणि एकट्या 'खे'ने दुसऱ्या प्रतीतला पाठभेद दाखवतात. 'बलग' ठिकठिकाणी असेल तर ती प्रत मोलाची.

वाचनाचा सराव एकाच नकलकाराच्या एकाच पानावर करा, छापील आवृत्ती शेजारी ठेवून. एक दातरी म्हणजे बे, ते, से, नून किंवा ये यांपैकी काहीही, हे कायम लक्षात असू द्या. मगरिबी (उत्तर आफ्रिकेतल्या) वळणात 'फे'चा नुक्ता खाली आणि दोन नुक्त्यांच्या 'क़ाफ'ला वर एकच, त्यामुळे पूर्वेकडच्या सवयीने हा 'क़ाफ' तिथे 'फे' वाचला जातो.

## ८. कागद आणि नोंद

प्रकाशात धरलेली प्रतिमा असेल तरच जलचिन्ह दिसतं. तीन चंद्रकोरींचं चिन्ह असेल तर तो उस्मानी बाजारासाठी बनलेला इटालियन कागद, बहुधा सतराव्या शतकापासून पुढचा. पुष्पिकेत साल त्याच्या बरंच आधीचं असेल तर ती पुष्पिका नकललेली आहे. चर्मपत्राची कार्बन चाचणी जनावर केव्हा मेलं ते सांगते, अक्षरं केव्हा लिहिली ते नाही. बर्मिंगहॅमच्या कुराणपत्रांचं इसवी ५६८ ते ६४५ हे अनुमानही कातड्याचंच आहे.

तक्त्यात रकाने असे ठेवा : संग्रह-क्रमांक, पत्रसंख्या, ओळी, भाषा, लिपीचं वळण, आरंभ, अंत, नकलकार, तारीख मूळ शब्दांत, तारीख रूपांतरित, मालकी, न जुळलेले रकाबे. आरंभ उतरवताना बिस्मिल्ला सोडून पुढच्या एक-दोन ओळी घ्या, अनामिक ग्रंथ त्यावरूनच ओळखला जातो. एका बांधणीत अनेक ग्रंथ असतील तर प्रत्येकाची वेगळी ओळ करा. जुन्या सूचीत पुष्कळदा पहिल्याच ग्रंथाची नोंद असते, पुढचे कोणाच्या लक्षातही आलेले नसतात. नवं काही सापडायची सर्वांत चांगली जागा हीच.

## ९. प्रत्यक्ष ग्रंथालयात, आणि बाजारात

भेटीआधी संग्रह-क्रमांक आणि हेतू लिहून पाठवा. सोबत संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र आणि परदेशात पासपोर्ट ठेवा. आत शिसपेन्सिलच चालते. सुलेमानियात मूळ प्रतीऐवजी सहसा संगणकावरच्या प्रतिमाच दाखवतात, तेव्हा जलचिन्ह बघायचं असेल तर तसं आधीच कळवा. मुंबईत फारसी, पहलवी आणि अवेस्ता प्रतींसाठी कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. प्रतिमा मागवताना पत्रांचे आकडे अ-ब सकट लिहा आणि सुरुवातीची-शेवटची कोरी पानं आवर्जून मागा. कोरी म्हणून तीच वगळली जातात.

सुटी पानं विकत घेऊ नका. पर्यटकांच्या बाजारात जुन्या पोथीचं पान फाडून त्यावर नवं लघुचित्र रंगवून विकतात. चित्राच्या कडेखाली अक्षरं गेलेली दिसतात आणि चित्राचा मजकुराशी काही संबंध नसतो. युनेस्कोचा सांस्कृतिक वस्तूंच्या तस्करीविरुद्धचा करार १९७० चा आहे, त्याआधीपासूनची मालकी कागदोपत्री दाखवता येत नसेल तर हात लावू नका. भारतात ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही ते देशाबाहेर नेता येत नाही.